गाडीचं नाक किती वर असावं?

घाटातल्या वाड्यांवर जीप चालवणाऱ्या बायका आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. आम्हीही त्यांतल्याच. भाजी बाजारात न्यायची, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं, तर फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पर्याय नाही. पण गॅरेजमध्ये गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, गाडी पुढून बसलीय. दोन आटे मारून उचलून देतो." हे आटे कुठे मारतात आणि त्याने नेमकं काय होतं, ते आज आपण समजून घेऊ.

2010 ते 2020 या काळातली महिंद्रा थार सीआरडीई डोळ्यांपुढे आणा. तिला मागे कमानपाटे आहेत, पण पुढे पाटे नाहीत आणि गुंडाळीची स्प्रिंगही नाही. तिथे दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडा आहे, त्याला टॉर्शन बार म्हणतात. दांड्याचं पुढचं टोक चाकाच्या आर्मला जोडलेलं असतं. मागचं टोक चासीच्या आडपट्टीजवळ एका छोट्या आर्ममध्ये अडकवलेलं असतं आणि त्या आर्मला एक बोल्ट असतो. उंची कमीजास्त करायची ती या बोल्टने. 2020 नंतरच्या नव्या थारला पुढे कॉइल स्प्रिंग आहे, त्यामुळे तिथे हा बोल्ट शोधू नका.

दोघी मिळून ओलं लुगडं पिळतो, ते आठवा. एकीने टोक घट्ट धरायचं, दुसरीने पीळ द्यायचा. पिळलेलं लुगडं उलट फिरू पाहतं आणि त्याचा जोर मनगटाला जाणवतो. गाडीचं वजन दांड्याला असाच पीळ देतं आणि दांडा उलट जोर लावून गाडी उचलून धरतो. आता एकीने मनगट आणखी फिरवलं आणि दुसरीनेही तेवढंच त्याच बाजूला जाऊ दिलं, तर पीळ वाढेल का? नाही. फक्त हातांची जागा बदलेल. बोल्ट आवळल्यावर हेच होतं. वजन तेच, म्हणून पीळही तेवढाच. चाकाचा आर्म खाली जातो आणि गाडीचं नाक वर येतं. "आटे मारले की स्प्रिंग कडक होते" असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही.

मग गाडी कडक का लागते? खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा हवी असते. नाक फार उचललं की आर्म आधीच खालच्या अडणीजवळ येऊन थांबतो. खड्ड्यात चाक उतरत नाही, ठक्क आवाज येतो, शॉकअपला मार बसतो. खडकाळ वाटेवर ते चाक हवेत लोंबतं आणि नुसतं गरगरतं. म्हणजे ज्या चढासाठी गाडी उंच केली, तिथेच पकड जाते.

फोर व्हील गाडीत पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद जाते. ती नेणाऱ्या शाफ्टचा तिरकेपणा उंचीबरोबर वाढतो. सांध्यावरचं रबरी बूट ताणून फाटतं, ग्रीस निघून जातं, चिखल आत शिरतो आणि सांधा खराब होतो. चाकाचा कोन बदलून टायरची एकच कड झिजते. दिव्यांचा झोत वर जातो आणि रात्री घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजा. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, गाडीत नेहमीचं वजन. पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, दोन्ही बाजूंना. जमिनीपासून मोजू नका, हवा कमी असेल तर माप फसवतं. आकडे वहीत लिहा आणि गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा.

गाडी का बसली, हेही विचारा. पुढे लोखंडी बंपर किंवा विंच बसवली आहे का? बुश झिजलेत का? एकच बाजू खाली असेल, तर मागचा पाटा बसलाय का तेही पाहा. आजार मागे आणि औषध पुढे, असं नको.

काम असं चालतं. मागच्या चाकांना दगड लावायचे, पुढून जॅकने उचलून चासीखाली स्टँड द्यायचे आणि चाकं मोकळी लोंबू द्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. बोल्ट साफ करून तेल सोडायचं, आधीच्या जागेवर खूण करायची आणि एकेक आटा फिरवायचा. गाडी खाली घेऊन थोडी पुढेमागे चालवायची, दाबायची, पुन्हा मोजायची. माप आलं की लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्यायचं आणि दिव्यांचा झोत लावून घ्यायचा. हे दोन्ही झाल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका.

तो बोल्ट पूर्ण काढायचा खेळ घरी करू नका. पिळलेला दांडा सुटला तर हात मोडू शकतो. दांड्यावर हातोडी किंवा दातेरी पाना चालवू देऊ नका, कारण ओरखड्यापासून तडा सुरू होतो. डावा आणि उजवा दांडा वेगळे असतात, त्यांची अदलाबदल होत नाही. आणि बोल्ट आवळत नेऊनही गाडी पुन्हा पुन्हा बसत असेल, तर दांडाच थकला असं समजून तो बदलण्याचा खर्च काढून ठेवा.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कुणी "दोन आटे मारतो" म्हणालं, तर आपण तीन प्रश्न विचारायचे. आत्ताचं माप किती? किती व्हायला हवं? आणि अलाइनमेंट कधी करणार? उत्तरं मिळेपर्यंत किल्ली आपल्याच हातात ठेवायची.