रोजच्या काळज्या आणि समुपदेशन

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये मावळ तालुक्यातील लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर उतरवले आणि आजही शरीर-मनाला स्वास्थ्य लाभावे म्हणून दूरदूरची माणसे तेथे येतात. मात्र त्याच मावळातील माणसाला समुपदेशकाकडे, म्हणजे औषध न देता संवादातून मनाची गुंतागुंत सोडवण्यास मदत करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे जायचे झाले, की ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे लोक म्हणतील ही भीती आडवी येते.

वस्तुतः समुपदेशन हे केवळ आजाऱ्यांसाठी नाही. तळेगावच्या कारखान्यातील रात्रपाळीने मोडलेली झोप, द्रुतगती मार्ग आल्यानंतर चढलेले जमिनींचे भाव आणि त्यापायी सख्ख्या भावांत धरला गेलेला अबोला, या तक्रारी साध्या वाटल्या तरी माणसाला आतून पोखरतात. त्या घरच्यांपाशी बोलाव्यात हा सल्ला चांगला असला, तरी भावकीत ऐकून घेणाऱ्याचे नावही बहुधा त्याच सातबाऱ्यावर असते. समुपदेशकाचा त्या वाटणीत हिस्सा नसतो आणि जिवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडता ऐकलेले गुप्त ठेवणे हे त्याच्या व्यवसायाचे बंधन असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती असे सांगते, की भावना केवळ घटनेतून नव्हे, तर घटनेविषयीच्या आपल्या समजुतीतून निर्माण होते. धाकट्याने न विचारता जमीन विकली, ही घटना. ‘थोरल्याला त्याने विचारलेच पाहिजे होते, नाहीतर आपली किंमत शून्य’, ही समजूत. आणि रात्रभर धुमसणे हा तिचा परिणाम. समुपदेशक जमीन परत मिळवून देत नाही, ते काम दिवाणी न्यायालयाचे; तो ‘विचारले असते तर बरे झाले असते’ ही रास्त इच्छा आणि ‘विचारलेच पाहिजे’ हा हट्ट यांतील अंतर दाखवतो, त्यामुळे दुःख उरले तरी धुमसणे ओसरू शकते आणि पुढचे पाऊल, मग ते समझोत्याचे असो वा दाव्याचे, शांत डोक्याने टाकता येते.

अर्थात दोन-चार भेटींत सारे सुटेल ही अपेक्षा फोल आहे, आणि जगणेच नकोसे वाटू लागले, तर औषधोपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला विनाविलंब गाठले पाहिजे. तालुक्याच्या गावी ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने ज्यांचे पाऊल अडते, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा उपलब्ध असून तिच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते.