पायमोज्यातले कुसळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या पदभ्रमण सहलीच्या आदल्या संध्याकाळी केलेले भाषण)



उद्या पहाटे आपली मंडळी पायी टेकड्यांवर निघणार आहेत. या प्रसंगी ‘सहलीसंबंधी काही उपयुक्त’ बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली. मी बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तीस वर्षे फायलींच्या सहवासात काढली. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि बदल्यांच्या निमित्ताने जोधपूर, डेहराडून आणि आता हे जबलपूर अशा तीन मुलुखांतल्या रानवाटा मी तुडवल्या, आणि प्रत्येक वेळी घरी परतल्यावर पायरीवर बसून कपड्यांतले काटे व कुसळे वेचली. या एका विषयात माझा अनुभव दांडगा आहे. म्हणून आज तोच विषय घेतला आहे. विषय क्षुल्लक वाटेल, हे मी जाणतो. परंतु तो तितकासा क्षुल्लक नाही, हे मला एकदा महागात पडून कळले. ती हकीकत पुढे येईलच.

गेल्या रविवारी मी मंडळाच्या मराठी वर्गात सहज डोकावलो आणि मुलांना म्हटले, “दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण…” सगळ्यांनी एका सुरात म्हण पूर्ण केली. मग मी विचारले, “कुसळ म्हणजे काय?” वर्गात शांतता पसरली. एक मुलगा म्हणाला, “कचरा.” एक मुलगी म्हणाली, “पापणीचा केस.” मुसळाचीही तीच गत झाली. यात मुलांचा काडीचाही दोष नाही. म्हण त्यांना पुस्तकाने दिली. वस्तू मात्र आपण दिली नाही. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांत भाषेचे असेच होते. शब्द राहतो आणि त्याची टोचणी नाहीशी होते.

गव्हाच्या, जवाच्या ओंबीला जे ताठ, खरखरीत केस असतात, ती कुसळे. मळणीच्या वेळी ती वाऱ्यावर उडत आणि डोळ्यांत जात. तेच धान्य पुढे उखळात मुसळाने कांडले जाई. म्हणजे म्हणीतल्या या दोन्ही वस्तू एकाच अंगणातल्या आहेत. उद्या कोणाच्या डोळ्यात खरोखरीच कुसळ गेले, तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि तेवढ्याने निघाले नाही तर घरगुती खटपटी न करता डॉक्टर गाठावा.

उद्या आपल्याला भेटणार आहे ते मात्र धान्याचे नव्हे, तर कुसळी गवताचे कुसळ. दिवाळी नुकतीच झाली आहे; हे गवत आता पिकून तांबूस झाले आहे. त्याच्या बियाचे टोक सुईसारखे तीक्ष्ण असते. त्या टोकावर ताठ केस असतात आणि ते सारे मागच्या बाजूला कललेले असतात. मागे एक लांब, पीळ पडलेली शेपटी असते. हवा कोरडी झाली की पीळ घट्ट होतो, ओल लागली की सुटतो. या पीळ पडण्या-सुटण्याने बी गिरमिटासारखे फिरत जमिनीत घुसते, आणि मागे कललेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. गवताने ही सोय जमिनीसाठी केली आहे. परंतु मेंढीची लोकर, कुत्र्याचा कान आणि आपला पायमोजा यांत त्याला फरक करता येत नाही. चालण्याच्या प्रत्येक पावलाबरोबर ते आणखी आत जाते.

आता माझी हकीकत. सन 2009 मध्ये मी डेहराडूनला होतो. शिवालिकच्या पायथ्याशी चिडाच्या रानात आम्ही सहकुटुंब फिरायला गेलो होतो. माझी कन्या तेव्हा आठ वर्षांची होती. परतताना ती म्हणाली, “बाबा, मोज्यात काहीतरी टोचतंय.” मी पाहिले, कुसळाची शेपटी बाहेर दिसत होती. मी ती चिमटीत धरली आणि झटका दिला. शेपटी हातात आली. मी ती मोठ्या दिमाखात तिला दाखवली आणि फेकून दिली. काम फत्ते झाले, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी घोट्यापाशी लाली आली, तिसऱ्या दिवशी सूज आणि ताप. शेवटी शल्यविशारदांनी लहानशी चीर देऊन तिळाएवढे टोक बाहेर काढले. मुलगी रडली नाही, परंतु चीर देताना तिने माझा हात सोडून तिच्या आईचा हात धरला, तो क्षण मी आजही विसरलो नाही.

त्या रात्री माझ्या आईचा गावाहून फोन आला. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. कोरडा मुलूख, माळरान आणि मेंढरे. आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “शेपटी धरून ओढलंस होय रे?” मी गप्प राहिलो. मग ती म्हणाली, “कापडातलं कुसळ टोकाकडनं पुढं ओढून काढावं, आणि अंगातलं मुळाशी धरून सरळ काढावं. तुझी चड्डी मी रोज पायरीवर बसून निवडायची, तेव्हा तुझं ध्यान कुठं असायचं?” माझे ध्यान कुठे असायचे, हे मला सांगता आले नाही. आई आता नाही. तिच्या त्या दोन वाक्यांचे भाष्य म्हणजेच आजचे हे भाषण होय.

त्या वाक्यांचा अर्थ असा की, कापडात रुतलेले कुसळ मागे ओढू नये, कारण त्याचे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. कापड उलटे करावे, टोक जिथून बाहेर आले असेल तिथे ते धरावे आणि आरपार पुढे काढावे. कातडीत घुसले असेल तर शेपटी न धरता चिमट्याने अगदी कातडीलगत धरावे आणि ज्या दिशेने आत गेले, त्याच रेषेत सरळ बाहेर काढावे, मुरगळू नये. जागा साबण-पाण्याने धुवावी. टोक आत मोडले, तर पिनेने कोरत बसू नये, डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीसंबंधी त्यांना विचारावे. आमच्या आजोबांच्या चंचीला एक छोटा चिमटा बांधलेला असे. उद्या प्रत्येक कुटुंबाने एक चिमटा बरोबर घ्यावा, ही विनंती.

कुसळाखेरीज आणखी काही मंडळी वाटेवर भेटतील. पहिला सराटा, ज्याला इकडे गोखरू म्हणतात. संस्कृतातला हा ‘गोक्षुर’, आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी एक. जमिनीसरपट पसरणारी पिवळ्या फुलांची ही वेल दिसायला गोजिरवाणी असते. पण तिचे फळ वाळले की पाच भागांत फुटते, आणि कोणताही भाग कसाही पडला तरी एखादा काटा वरच राहतो. सायकलीच्या चाकांना त्याची चांगली ओळख आहे. घरात शिरण्यापूर्वी पादत्राणांचे तळवे पाहावेत, नाहीतर सराटा दिवाणखान्यातल्या सतरंजीत मुक्काम करतो.

दुसरा शंकेश्वर. बोराच्या बीएवढे लंबगोल फळ, अंगभर आकडे. प्रत्येक फळात दोन बिया असतात, आणि बहुधा एक आधी रुजते, दुसरी मागाहून. म्हणजे एक वर्ष चुकले तरी वंश चालू राहावा. मुलींच्या वेणीत हे फळ अडकले तर ओढाताण करू नये. खोबरेल तेल चोळावे आणि केस थोडे थोडे करून सोडवावेत.

जोधपूरच्या वाळूत मला भुरट भेटले. हेही गवतच, पण त्याचे काटेरी बोंड कापडाला असे बिलगते, की बोटांनी काढायला गेले की बोटांना बिलगते. तिथे फणीवाचून इलाज नाही. मी पहिल्या हिवाळ्यात त्याला पुष्कळ शिव्या घातल्या. नंतर शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की दुष्काळात लोक याच बोंडातले दाणे काढून बाजरीत मिसळून खात. तेव्हापासून माझी जीभ आवरली.

आणि शेवटचा आपल्या घरचाच, आघाडा! श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ, गणपतीला पत्री, आणि परवाच्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी डोक्यावरून फिरवायची फांदी. इकडे त्याला लटजीरा किंवा चिरचिटा म्हणतात. मंडळाच्या भगिनी दर श्रावणात ‘आघाडा कुठे मिळेल हो?’ असे विचारतात. तो बहुधा आपल्याच कुंपणाबाहेर उभा असतो. त्याची फळे दांड्याला उलटी, खाली तोंड करून चिकटलेली असतात, म्हणून त्याला संस्कृतात ‘अधःशल्य’ असेही नाव आहे. वाळल्यावर धोतराला, साडीच्या निऱ्यांना तो रांगेने चिकटतो.

बालमित्रांनो, तुमच्या बुटांना आणि दप्तरांना जी ‘चर्र’ आवाज करून उघडणारी पट्टी असते, तिचा जन्मही असाच झाला. स्वित्झर्लंडमधले अभियंते जॉर्ज द मेस्त्राल 1941 मध्ये कुत्र्याला घेऊन रानात फिरायला गेले. परतल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली बोंडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बारीक आकडे दिसले. त्यावरून त्यांनी आकडे आणि फासे यांची पट्टी तयार केली आणि तिला वेल्क्रो हे नाव दिले. आपण बोंडे काढून फेकतो. त्यांनी आधी पाहिले आणि मग फेकले. एवढाच फरक.

आता उद्याच्या तयारीचे. लोकरी आणि सैल विणीचे कपडे टाळावेत. घट्ट विणीचे, गुळगुळीत कापड बरे. विजारीची टोके मोज्यांवरून खाली यावीत, मोज्यांत खोचू नयेत. ओढण्या आणि पदर खोचून घ्यावेत. पायवाट सोडून गवतात बसकण मारू नये. परतल्यावर कपडे थेट धुण्याच्या यंत्रात टाकू नयेत. ओल लागली की कुसळे पुन्हा पीळ सोडून फिरू लागतात आणि एकाच्या मोज्यातली साऱ्या घराच्या कपड्यांत जातात. आधी कोरडेपणी, वर्तमानपत्र अंथरून निवडावीत. आणि ती अंगणात झटकू नयेत. हे सारे बी आपल्या पायांनी नव्या जागी जाण्यासाठीच चिकटलेले असते. शंकेश्वराची कोवळी रोपे गुरांना विषारी असतात. तेव्हा कागदाची पुडी बांधून ती विल्हेवाटीस लावावी.

शेवटी वडीलधाऱ्यांना एक विनंती. उद्या संध्याकाळी मुलांचे मोजे तुम्ही एकट्याने निवडू नका. त्यांना शेजारी पायरीवर बसवा, एक कुसळ त्यांच्या तळहातावर ठेवा, त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि ते वळताना पाहू द्या. नाव मराठीत सांगा. माझ्या आईने मला हे शेकडो वेळा दाखवले आणि मी पाहिले नाही. त्याची किंमत माझ्या मुलीने मोजली. पुढच्या रविवारी मी पुन्हा मराठी वर्गात जाणार आहे आणि तोच प्रश्न विचारणार आहे.

उद्या पहाटे साडेपाचला मंडळाच्या दारात भेटू. चिमटा विसरू नये.