दात, आहार आणि उतारवयातील स्मरणशक्ती

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. बी. ए. होऊन बँकेत कारकुनी करतो. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण त्याची सुरुवात आमच्या काउंटरवर झाली. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. वर्षानुवर्षे तीच माणसे. एका वर्षी पुढचे दात गेलेले दिसतात, मग गाल आत जातात, सदरा अंगावर लोंबू लागतो. आणि एखाद्या वर्षी ते फॉर्मवर पेन टेकवून तसेच थांबतात. सही आठवत नाही. जन्मभर सही केलेल्या माणसाचा अंगठा घेताना आमचाच हात जड होतो.

या दोन गोष्टींचा संबंध असेल, असे आम्हांला वाटले नव्हते. पण संशोधकांनी तो तपासला आहे. अमेरिकेत मिल्वॉकी येथील वृद्ध ख्रिस्ती जोगिणींच्या दातांच्या नोंदी आणि स्मरणाच्या चाचण्या ताडून पाहिल्या गेल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचे नऊ किंवा त्याहून कमी दात उरले होते त्यांच्यात स्मृतिभ्रंश अधिक आढळला. २०२१ साली १४ अभ्यासांतील ३४ हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा अधिक दात गमावलेल्यांत बुद्धी मंदावण्याचा धोका १.४८ पट निघाला. कवळी वापरणाऱ्यांत मात्र हा फरक ठळक राहिला नाही.

दाढ पडली की बुद्धी गेली, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. गरिबी आणि शिक्षणाचा अभाव दातही नेतात व मेंदूलाही मारक ठरतात. शिवाय विसरू लागलेला माणूस दात घासायचेही विसरतो. परंतु एक वाट कोणालाही समजेल अशी आहे, आणि ती ताटातून जाते. दाढा गेल्या की भाकरी सुटते. मग शेंगदाणे, फुटाणे, मोडाची मटकी, पेरू, मटण हेही सुटते. उरतो चहा-पाव आणि पातळ वरणाचा मऊ भात. पोट भरते, पण शरीराला आणि मेंदूला लागणारी प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे कमी पडतात. सुजलेल्या हिरड्यांचा दाह रक्तावाटे मेंदूला उपद्रव देत असावा, असेही संशोधकांना वाटते.

जपानने १९८९ साली ऐंशीव्या वर्षी वीस दात टिकवण्याची मोहीम सुरू केली. तेव्हा ऐंशीच्या घरातल्या दहांत एकाचेही तेवढे दात नसत. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिकांचे होते. म्हणजे म्हातारपणी दात जायचेच, हे काही खरे नाही.

हे वाक्य आम्हीही घरी म्हणत होतो. आमच्या आईला लहानपणापासून मशेरीची सवय. तव्यावर भाजलेल्या त्या तंबाखूने दात घट्ट होतात, अशी तिची खात्री. प्रत्यक्षात हिरड्या सुटल्या आणि साठीच्या आत सगळ्या दाढा गेल्या. आम्ही पदवीधर, व्याजाचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारे. पण आई चहात भाकरी बुडवून कशीबशी गिळते आहे, हे सहा वर्षे डोळ्यांसमोर असूनही गप्प बसलो. ती गॅस बंद करायला विसरू लागली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी जेवतात काय?" आम्हांला नीट सांगता आले नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजीच्या ताटात काय उरते, एवढे बघा.

सरकारी दंत महाविद्यालयात पाच खेपा घालून कवळी बसवली. पहिला महिनाभर ती डबीतच होती. हिरडी सोलते म्हणून आई रडायची. कवळी दोनदा घासून आणली तेव्हा कुठे तोंडात बसली. आता आई भाकरी खाते, वजनही चार किलोंनी वाढले. गेलेली स्मृती काही परत आली नाही, आमच्या मुलाला ती अजून आमच्या धाकट्या भावाच्या नावानेच हाक मारते. परवा त्याच नावाने हाक मारून तिने मूठभर शेंगदाणे मागितले.