मामूचं दुकान आणि आपल्या घरातली पिशवी

(चिखली येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, डिसेंबर २०२४)



मला बोलावलं तेव्हा विषय दिला होता, ‘घरातील कचऱ्याची विल्हेवाट’. मी म्हटलं, भाई, हा विषय रोज सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावर वाजतो. गाणं सगळ्यांना पाठ आहे, कचरा मात्र एकाच पिशवीत जातो. म्हणून मी ते गाणं म्हणणार नाही. मी माझ्या मामूबद्दल बोलणार आहे.

माझे मामू मलकापूरला भंगारचा धंदा करायचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांची माझी फी त्यांनी भरली. हॉस्टेलवर कुणी विचारलं, की मी सांगायचो, मामू ‘मेटल ट्रेडिंग’मध्ये आहेत. तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्याही घरात कुणीतरी मेटल ट्रेडिंगमध्ये आहे. खामगाव, मलकापूर, मेहकर, इथलं चिखली, कुठल्याही भंगारच्या गल्लीत जा आणि दुकानांवरची नावं वाचा. मोबाईल रिपेअर, बॅटरी, रेडिएटर, गॅरेज, तिथेही बरीच नावं आपलीच. शहरानं टाकलेल्या वस्तूंवर आपली कितीतरी घरं चालतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

सुट्टीत मी दुकानावर बसायचो. संध्याकाळी मागच्या मोकळ्या जागेत वायरी जाळायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. कारण साधं होतं: प्लास्टिकसकट वायरीचा भाव वेगळा आणि उघड्या तांब्याचा भाव वेगळा. धूर काळा, वास असा की अम्मी दारातच थांबवून डोकं धुवायला लावायची. पुढे वाचलं तेव्हा कळलं, वायरीवरचं आवरण पीव्हीसीचं असतं, त्यात क्लोरीन असतो. ते उघड्यावर कमी आचेवर जळलं, की डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात आणि आतलं तांबं त्या क्रियेला आणखी जोर देतं. म्हणजे जी वायर विकायला आम्ही जाळायचो, तीच विष बनवायला मदत करत होती. मामू वाईट माणूस नव्हते. तीच वायर सोलायचं हातानं फिरवायचं यंत्र मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात प्लास्टिक आणून देणाऱ्या एक खाला होत्या. एकदा पिशवी उपसताना त्यांच्या तळहातात इन्सुलिनची सुई घुसली. मग दवाखाना, रक्ततपासणी, पुन्हा काही महिन्यांनी तपासणी, आणि मधल्या काळात झोप नाही. सुई कुणाच्या घरची, कळायला मार्ग नव्हता. पिशवी मात्र आपल्याच मोहल्ल्यातली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण पिशवीला गाठ मारतो आणि गोष्ट संपली असं समजतो. ती पिशवी पुढे कुणीतरी हातानं उघडतं, आणि तो हात बऱ्याचदा आपल्याच माणसाचा असतो. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण मदरशात शिकलो. मग सुई रस्त्यातून उचलायची आणि पिशवीत टाकायची, याला काय म्हणायचं?

आता घरात काय करायचं. २०१६च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला तीन भाग करायला सांगितलं होतं: ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. पहिले दोन सगळ्यांना माहीत आहेत, तिसरा विसरला जातो. त्यात सुया, सिरिंज, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, सीएफएल, फुटलेलं थर्मामीटर, बॅटऱ्या, रंगाचे डबे आणि कीटकनाशकांचे डबे येतात.

सुईसाठी जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली ठेवा. भरली की झाकण टेपनं बंद करा, वर ‘सुया’ असं लिहा आणि वेगळी द्या. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचक महिलांनी ही लाल ठिपक्याची मागणी लावून धरली, कारण वर्गीकरण करताना ते उघडून बघायची वेळ त्यांच्यावर यायची. हे बोलताना काही भाऊ खाली बघतायत. घरात बहिणीशी, बायकोशी हे बोलायला लाज वाटत असेल, तर ज्या बाईला ते हातात धरावं लागतं तिचा विचार करा.

आपला जिल्हा कपाशी-सोयाबीनचा, म्हणून कीटकनाशकाच्या डब्याबद्दल थोडं थांबून सांगतो. डबा मजबूत असतो, फेकवत नाही. मग त्यात रॉकेल, नाहीतर शेतात नेायचं पाणी. तीनदा धुतला तरी तो डबा खाण्यापिण्यासाठी वापरायचा नाही. तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे पुन्हा कुणाला वापरताच येणार नाही.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना त्याच दुकानात परत करा, तिचे पैसे वजा होतात. दारावर चार पैसे जास्त मिळाले तरी देऊ नका. ती हातोड्यानं फोडली जाते, ॲसिड नालीत जातं आणि शिशाची धूळ त्या घरातल्या लेकरांच्या अंगात. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. मोबाईलची फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चुलीजवळ ठेवायची नाही. टोकांना टेप लावून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा.

ओल्या कचऱ्याचं खत करायला बाग लागत नाही. तळाला भोकं पाडलेला जुना माठ, खाली सुका पाला, मग भाजीची देठं आणि सालं, प्रत्येक थरावर लाकडाचा भुसा किंवा पाला. वास आला म्हणजे ओलावा जास्त झाला, भुसा वाढवा. हाडं आणि चरबी माठात टाकू नका. उंदीर येतील आणि अम्मी माठासकट तुम्हाला बाहेर काढेल. हाडं घंटागाडीच्या ओल्या भागात द्या, उकिरड्यावर कुत्र्यांपुढे नको.

रमजानबद्दल एकच. इफ्तारनंतर मशिदीबाहेर प्लास्टिकच्या ग्लासांचा आणि थर्माकोलच्या पत्रावळींचा जो ढीग दिसतो, त्या थर्माकोलवर राज्यात २०१८पासूनच बंदी आहे. पाचशे स्टीलच्या थाळ्या वर्गणीतून एकदाच घेता येतात. धुणार कोण, हा प्रश्न दरवर्षी येतो. आपण धुणार, आणखी कोण?

हे सगळं मोठ्या शहरांतच होतं, असं कुणी म्हणेल. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला चिखलीपेक्षा कितीतरी लहान आहे. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरातून वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात झाली, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात. जिथे कचऱ्याचा डेपो होता तिथे आता लोक बघायला येतात. मात्र घरांनी वेगळा केला नसता तर यंत्रं नुसती उभी राहिली असती.

आणि आपल्याला मागायचा हक्कही आहे. त्याच २०१६च्या नियमांत दोन गोष्टी होत्या. एक, घातक घरगुती कचरा स्वीकारणारं केंद्र दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान भागाला एक, असं नगरपरिषदेनं उभारायचं आणि त्याची वेळ जाहीर करायची. म्हणजे गाव कितीही लहान असो, त्या नियमांप्रमाणे एक केंद्र आपलं होतंच. दुसरी, कचरावेचक आणि छोटे भंगारवाले यांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना या कामात सामील करून घ्यायचं. मामूंना हे माहीत असतं, तर पोलीस आले की शटर ओढायची वेळ आली नसती.

बाहेरच्या टेबलावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज ठेवला आहे: आमचं केंद्र कुठे आहे आणि त्याची वेळ काय. वाचून सही करा, न पटल्यास करू नका. मोबाईल रिपेअर करणारे इथे तिघे तरी बसलेत, मी ओळखतो. तुमच्या दुकानात चार्जर, वायरी आणि मेलेल्या फोनसाठी एक खोका ठेवायला जागा द्या. खोका भरला की मला फोन करा. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर आहे, पाठवायची जबाबदारी माझी. आणि ज्यांच्या घरी भंगारचं दुकान आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. वायर सोलायचं यंत्र मी गाडीत आणलंय, चालवून दाखवतो.