समोरासमोरच्या बोलण्याचा हक्क

गावचा पार, पाणवठा, चाळीची गॅलरी, वाचनालयाचा बाक आणि लोकलचा डबा या जागांवर महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन पोसले गेले. तेथे भेटणारा माणूस निवडून घेतलेला नसे. सकाळी नळावर जिच्याशी भांडण झाले, तिच्याकडेच संध्याकाळी विरजण मागायला जावे लागे. मतभेद पोटात ठेवून एकत्र राहण्याची सवय अशा न टाळता येणाऱ्या भेटींतूनच लागते. समाजमाध्यमांवर न पटणाऱ्या माणसाला ब्लॉक करता येते, गट सोडून जाता येते. त्यामुळे ओळखी वाढतात, पण विरोध ऐकून घेण्याची ताकद आटते.

जुन्या जागांचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यांचा इतिहास मात्र लपवू नये. पारावर बायकांना जागा नव्हती आणि अस्पृश्य ठरवलेल्यांना पाणवठ्याला हात लावण्याची मनाई होती. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या केल्या. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले आणि सत्याग्रहींनी त्यासाठी मार खाल्ला. चारचौघांत बरोबरीने उभे राहण्याचा हक्क इतक्या मोलाने मिळाला आहे. तो पडद्यापुढे बसून आपखुशीने सोडून देणे ही त्या लढ्याशी बेइमानी आहे.

समोरासमोरच्या बोलण्याच्या ऱ्हासाचे खापर केवळ तरुणांवर फोडणे अप्रामाणिकपणाचे आहे. दूरचित्रवाणीने १९८० च्या दशकातच मोठ्यांची संध्याकाळ घरात कोंडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या पडद्यांकडे वळली. समाजमाध्यमांची कमाई जाहिरातींवर चालते. माणूस जितका जास्त वेळ खिळून राहील तितका त्यांचा नफा वाढतो. न संपणारी फीड आणि आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ त्याच हिशेबाने रचलेले आहेत. अशा यंत्रणेसमोर एकट्या मुलाला उभे करून त्याला संयमाचे धडे देणे म्हणजे मोठ्यांनी आपली जबाबदारी झटकणे होय.

बोलण्याच्या जागाही हातातून गेल्या. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत न मावणारे आयुष्य तेथे सामाईक व्हरांड्यात पसरले. पुनर्विकासात मिळणारे ५०० चौरस फुटांचे घर हा त्या रहिवाशांचा न्याय्य हक्कच आहे. पण मनोऱ्यांच्या आराखड्यात पार्किंगची मोजदाद होते, बसून बोलण्याच्या जागेची होत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला. आज त्यांतील अनेकांच्या वाचनकक्षांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. त्या हव्यातच, पण पुस्तकावर वाद घालायला दुसरी खोली ठेवलेली नाही.

इंटरनेटचा उपकार नाकारण्याचे कारण नाही. २०२० च्या टाळेबंदीत त्यानेच माणसे जोडून ठेवली आणि परदेशातल्या नातवंडांचा चेहरा आजीआजोबांना आजही त्याच्यामुळेच दिसतो. मात्र व्हिडिओ कॉल ओळखीच्या माणसापर्यंत पोचवतो. अनोळखी शेजाऱ्याला ओळखीचा करण्याचे काम त्याच्याने होत नाही.

म्हणून तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. पुनर्विकासाच्या प्रत्येक आराखड्यात सर्वांना विनाशुल्क बसता येईल अशी जागा बंधनकारक व्हावी. प्रत्येक अनुदानित ग्रंथालयात चर्चेची खोली असावी आणि ती नोकरदार स्त्रीपुरुषांना सोयीच्या वेळी उघडी राहावी. साहित्य संस्थांनी वर्षाकाठी एका संमेलनाचा मांडव घालून थांबू नये, दर आठवड्याला वस्तीत जाऊन माणसे एकत्र बसवावीत. ज्या संस्थेला एवढेही जमत नसेल, तिने वाचक घटल्याची तक्रार करू नये.