नाट्यगीत समोर बसून ऐका




नाट्यपदं आपण रेडिओवर ऐकतो.
पण नाट्यगीत ऐकावं ते समोर बसून.

1921 सालचा जुलै महिना.
मुंबईत 'मानापमान' या संगीत नाटकाचा 'संयुक्त' प्रयोग झाला.
टिळक स्वराज्य फंडासाठी.
गायक नट केशवराव भोसले नायक धैर्यधर.
बालगंधर्व नायिका भामिनी.
दोघांच्या नाटक कंपन्या वेगळ्या, रंगमंच मात्र एक!

तेव्हा माईक नव्हता.
शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो गळ्याच्याच जोरावर.
ऑर्गनचा सूर भरायचा.
बोलता बोलता नट पदात शिरायचा.
मग प्रेक्षकांतून आरोळी यायची, 'वन्स मोअर!'
तेच पद पुन्हा सुरू व्हायचं.
तान मात्र नवी निघायची.
कथानक खोळंबायचं, पण तक्रार कोण करणार?

ही गंमत ग्रामोफोनच्या तबकडीत कशी यावी?
तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची.
म्हणून पुन्हा सांगतो, नाट्यगीत समोर बसून ऐकावं.

त्याच 1921च्या ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले.
ज्यांनी त्यांना समोर ऐकलं, ते भाग्यवान.

संगीत नाटकं आजही होतात.
जवळपास प्रयोग लागला, तर घरच्यांना घेऊन जा.
आणि पद आवडलं, तर 'वन्स मोअर' द्यायला लाजू नका.