पऱ्हाटीचं मशीन अन् खालचं पातं

आजचा भाग मिस्त्रीकामाचा आहे. पण ज्याच्या घरी कपाशी आहे त्याने ऐकावाच.

उलंगवाडी झाली, वावरात पऱ्हाट्या उभ्या आहेत, ट्रॅक्टर भाड्याने आणलाय, मजूर येऊन बसलेत, आणि मशीन पऱ्हाटी कापायच्या ऐवजी चघळतंय. तेल्हाऱ्याच्या आजूबाजूला हे चित्र कोणाला समजावून सांगायची गरज नाही. मग काय होतं? मशीन बाजूला लागतं, मिस्त्री "परवा येतो" म्हणतो, आणि उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी धुऱ्यावर रचली जाते. ती गंजी पार पाऊस पडेपर्यंत तिथेच. 2017 ला गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते आपल्या घरच्यांनी पाहिलंय. ही अळी राहिलेल्या बोंडात, सरकीत झोपून राहते आणि पुढच्या हंगामात उठते. म्हणून तर दरवर्षी सांगतात, फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीपर्यंत वावर मोकळं करा, पऱ्हाटीचा बारीक भुगा करा. म्हणजे हे मशीन वेळेवर चालणं हा नुसता मशीनचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची आहे. हातांची.

लोकांना वाटतं धार लावलेलं मशीन धोक्याचं. माझं मत उलटं आहे. धारदार पातं पऱ्हाटी स्वतः ओढून घेतं, आपण दूर उभे राहतो. पातं बोथट झालं की ते ओढत नाही. मग आपण ढकलतो. आधी काठीने, मग घाई झाली की हाताने, आणि अडकलेला गुंता काढायला हात आणखी आत. मशीन चालूच असतं, कारण "दोन मिनिटांचं काम आहे". ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक शाफ्टला लागलं तर एका सेकंदात त्याचे नऊ वेढे बसतात. ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं असेल तर पात्याआधी ते बदला.

आता पातं बोथट झालं हे ओळखायचं कसं? मशीन उघडायची गरज नाही, बाहेर पडणारा माल बघा. चांगला माल म्हणजे तुकडे, कडा साफ कापलेल्या. माल दोऱ्यांसारखा, सालीच्या लांब लांब धाग्यांचा यायला लागला की समजा धार गेली. पऱ्हाटीची साल जवळजवळ अंबाडीसारखी असते, चिवट. ती कापली गेली नाही तर शाफ्टला गुंडाळते, तिथून बेअरिंगच्या सीलमध्ये घुसते, सील फाटतं, धूळ आत जाते. पातं बोथट, खर्च बेअरिंगचा!

आणि धार इतक्या लवकर जाते कशाने? पऱ्हाटीने नाही राजेहो, मातीने. चिमट्याने मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीला आपली काळी माती ढेकळासारखी चिकटून येते, त्यात बारीक खडे असतात. लाकूड पात्याला घासतं, खडा पात्याला खातो. उपटल्यावर दोन-चार दिवस वाळू द्या, जमिनीवर दोन फटके मारा, माती झडते. नाहीतर कुऱ्हाडीने मूळच तोडून बाजूला टाका. ही मेहनत फुकटची वाटते, पण धार किती दिवस टिकते ते करून बघा.

बरं, आता मशीन उघडू. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. ट्रॅक्टरला लावलेली नाही, ड्रायव्हरकडे दिलेली नाही, स्वतःच्या खिशात. पीटीओचा शाफ्ट काढून ठेवा. इंजिन बंद झालं तरी जड चाक बराच वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबू द्या. थांबल्यावर चाकात एक लाकडी ठोकळा अडकवा, कारण एका पात्याचा बोल्ट सोडताना दुसरं पातं स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि बोटं तिथेच असतात. हातात जाड मोजे.

इथे बहुतेक जण चुकतात. फिरणारी पाती काढतात, धार लावतात, परत बसवतात, आणि मशीन तसंच चघळत राहतं. मग मशीनलाच शिव्या. अरे भाऊ, कात्रीला पाती दोन असतात! फिरणाऱ्या पात्याच्या समोर एक पातं जागेवर बसलेलं असतं. कोणी त्याला खालचं पातं म्हणतं, कोणी पट्टी. पऱ्हाटी कापली जाते ती या दोघांच्या मध्ये. खालच्या पात्याची कड घासून गोल झाली, तर वरच्याला वस्तऱ्यासारखी धार लावा, उपयोग नाही. पऱ्हाटी कापली न जाता मध्ये दुमडते. आणि हे खालचं पातं वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही, कारण ते धूळ-भुशाखाली दिसत नाही. पुष्कळ मशीनमध्ये ते फिरवून लावता येतं, एक कड गेली की दुसरी वापरायची. म्हणजे नवीन घ्यायच्या आधी काढून उलटून बघा, कदाचित एक पैसाही लागणार नाही.

मग दोघांमधलं अंतर. ते किती ठेवायचं हे मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि तेच पाळायचं. मोजायला फिलर गेज लागतो, मोटारसायकलच्या मिस्त्रीकडे असतोच. नसला तर अंदाजासाठी एक युक्ती: एटीएम कार्ड सगळ्या बँकांचं सारख्याच जाडीचं असतं, पाऊण मिलिमीटर. मुदत संपलेलं कार्ड टूल बॉक्समध्ये टाकून ठेवा. पात्याच्या दोन्ही टोकांना सरकवून बघा. एका टोकाला घट्ट अन् दुसऱ्याला सैल असेल तर पातं तिरकं बसलंय. अंतर लावून झालं की चाक हाताने पूर्ण फेरा फिरवा, ठोकळा काढूनच! कुठेही पात्याला पातं लागता कामा नये. हे न करता सरळ ट्रॅक्टर चालू केला, तर काय उडून येईल सांगता येत नाही.

धार लावायचं थोडक्यात. उतार असलेल्याच बाजूने घासायचं, सपाट बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. उताराचा कोन बदलू द्यायचा नाही. नवीन पातं असतानाच पत्र्याचा तुकडा त्या कोनात कापून ठेवा आणि त्यावर पडताळा. आणि घाई नको. ग्राइंडर दाबून धरला की पात्याची कड निळी पडते. निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, ती धार एका दिवसातही जाईल. थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा थोडं घासा. तडा गेलेलं पातं वेल्डिंग करून वापरणं हा तर जीवावरचा खेळ आहे. ते भंगारातच टाका.

मी स्वतः एकदा तीन पात्यांपैकी मोडलेलं एकच बदललं, जुनी दोन तशीच ठेवली. पैसे वाचवले म्हणून खूश होतो. पण जुनी पाती घासून हलकी झालेली, नवीन जड. मशीन असं थरथरायला लागलं की नट सैल व्हायचे, आणि आठवड्यात बेअरिंग गेलं. तेव्हापासून पाती संचातच बदलतो, आणि धार लावून झाली की किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर एकेक वजन करतो. दुकानदार हसतो, हसू द्या.

बोल्टचंही तसंच. पात्याच्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो, जुन्यावर जो असेल तोच नवीनवर हवा, साधा काळा बोल्ट चालत नाही. पण शिअर बोल्टला उलटा नियम! तो मुद्दाम कमजोर असतो, घरातल्या फ्यूजसारखा. जाड खोड अडकलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. "सारखा तुटते बाप्पा" म्हणून त्याच्या जागी मजबूत बोल्ट टाकणारे मी पाहिलेत. मग बोल्ट तुटत नाही, गिअर तुटतो.

एका मित्राचा व्हॉइस मेसेज आलाय: "बेअरिंग अकोल्याहून मागवायचं, पण कोणतं ते कसं सांगू?" सोपं आहे. बेअरिंग पुसा, नंबर वाचा, फोटो काढा. समजा यूसीपी 208 लिहिलंय. शेवटचे दोन आकडे, म्हणजे 08, त्याला पाचने गुणा: 40. शाफ्ट 40 मिलिमीटरचा. नंबर घासून गेला असेल तर शाफ्ट मोजून उलटा हिशेब करा. बेल्टवरही असंच असतं. बी 62 म्हणजे बी जाडीचा, 62 इंच आतल्या लांबीचा. दोन बेल्ट सोबत चालत असतील तर दोन्ही बदला, नाहीतर सगळा भार नव्यावरच येतो.

हे फोटो आजच काढून ठेवा, मशीन शेडमध्ये उभं आहे तोवर. पाती काढून, ऑइल लावून, पेपरात गुंडाळून लहान पोरांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. खालच्या पात्याचा फोटो मला पाठवा, कड गोल झाली का ते सांगतो. भेटू पुढच्या भागात, राजेहो.